जांभ्याच्या भिंती, झिगबी आणि आईची बटणं: आठ महिन्यांनंतर

घर रत्नागिरीजवळ, जुनं, जांभ्या दगडाचं. आई-बाबा दोघंच तिथे, आम्ही पुण्याला. मे महिन्याच्या सुट्टीत होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं एका जागी सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवलं: जुना लॅपटॉप, त्याला झिगबीचा (म्हणजे अशा उपकरणांच्या कमी विजेवरच्या बिनतारी जाळ्याचा) यूएसबी डोंगल, दारांना उघडं की बंद ते कळवणारे चार सेन्सर, गोठ्याला एक आणि दोन स्मार्ट प्लग.

पहिले दोन महिने नुसता वैताग. ओटीवरचं दार नीट दिसायचं, मागीलदार मात्र दिवसातून दहा वेळा गायब. अंतर जेमतेम 12 मीटर, पण मध्ये दीड-दीड फुटी दोन भिंती. मी जास्त ताकदीचा डोंगल मागवला. पैसे पाण्यात. डोंगल मोठ्याने बोलला म्हणून काय झालं, बटणाएवढ्या सेलवर चालणाऱ्या सेन्सरचा आवाज त्याच्यापर्यंत पोचायला नको का? मागीलदारचा पहिला सेल तर हाका मारण्यातच दोन महिन्यांत संपला.

दुखणं होतं भलतीकडेच. दोन्ही डोंगल मी लॅपटॉपच्या निळ्या यूएसबी 3.0 पोर्टात खुपसले होते. हे पोर्ट 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात, आणि झिगबी तिथेच बोलतं. दीड मीटरची एक्स्टेन्शन केबल आणली, दोनशे रुपयांची, आणि डोंगल कपाटावर उभा केला. त्याच संध्याकाळी मागीलदारचा एलक्यूआय (सिग्नल किती चांगला, त्याचा आकडा) 30 वरून 90 च्या पुढे! शिवाय राउटर वाय-फायच्या चॅनल 1 वर होता आणि झिगबी चॅनल 11 वर. आकडे लांबचे वाटतात, पण दोघांची जागा जवळपास एकच. झिगबी 25 वर नेलं. एक सेन्सर परत जोडावा लागला, बाकीचे आपसूक आले.

मग प्लग. सेलवरची उपकरणं दुसऱ्याचा निरोप पुढे नेत नाहीत, विजेवरची बहुतेक नेतात. म्हणून एक प्लग माजघरात, एक स्वयंपाकघरात, भिंतींच्या आड न येता दारांच्या रेषेत. झकास चाललं. फक्त रोज रात्री साडेदहाला सगळं गुल. तीन दिवस लॉग वाचत बसलो, शेवटी फोन केला. आई म्हणाली, "अरे, झोपताना बटणं बंद करते मी. रिकामं कशाला चालू ठेवायचं?"

बटणांवर चिकटपट्टी लावायला सांगितली, ती बोर्ड पुसताना निघाली. आता माजघरातला प्लग फ्रिजच्या बोर्डावर आहे, शेजारच्या सॉकेटला. त्या बोर्डाला आई हात लावत नाही.

पावसात वीज जायची तेव्हा वेगळीच तऱ्हा. राउटर आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर, प्लग नाहीत. वीज परत आली तरी एक सेन्सर रुसलेलाच, आणि व्हिडिओ कॉलवर बाबांना सेल काढून घालायला सांगायचं. ऑगस्टमध्ये स्वयंपाकघरातला प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला, तेव्हापासून ही कटकट नाही. मागीलदारचा दुसरा सेल अजून चालू आहे.

गोठ्याचं मात्र जमलं नाही. वर पत्रा, बाजूला पत्रा, आत वीज नाही, म्हणून प्लगही नाही. तिथला सेन्सर दोन-चार दिवसांनी जातोच. बाबा रात्री टॉर्च घेऊन जातात आणि कडी ओढून बघतात.