आठ महिने, १४० तास: फॅन बेल्ट चांगला आहे, पण त्या नंबराचं काय?

हा अनुभव मी जूनमध्येच लिहायला घेतला होता. तेव्हा मथळा होता ‘दातेरी बेल्टच्या नादी लागू नका’. आळस केला ते बरं झालं, नाहीतर आता माफी मागत बसावं लागलं असतं.

ट्रॅक्टर २१ एचपीचा, सहा वर्षांचा. काम गोराईच्या वाडीत: भाजीचे वाफे, नारळांच्या मधली जागा, नर्सरीच्या मातीची ट्रॉली. मी राहतो बोरिवलीला. म्हणजे ट्रॅक्टर खाडीच्या पलीकडे आणि स्पेअर पार्ट अलीकडे. फेरीबोटीतून माणूस जातो, स्कूटर जाते, ट्रॅक्टर जात नाही. त्याला बाहेर काढायचा तर उत्तन-भाईंदरचा वळसा.

फेब्रुवारीत सकाळी स्टार्ट केला की दोन मिनिटं चींचीं करायचा, मग गप्प. दवामुळे असेल, असं म्हणत मी पंधरा दिवस काढले. आमच्या तिथल्या मेकॅनिकने बेल्टला साबण घासून दिला, तेवढ्याने दोन दिवस शांतता. साबणाने आवाज जातो, पकड येत नाही, हे मला रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारं अवजार) चालू असताना कळलं. बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ तापमानाचा काटा वर सरकला. या इंजिनात पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो तिन्ही एकाच पट्ट्यावर फिरतात, त्यामुळे तो दिवा नुसता चार्जिंगचा नसतो. तिथेच बंद केला. बॉनेट उघडलं तर बेल्ट जागेवरच होता. आतल्या अंगाला आडव्या चिरा आणि दोन्ही कडा काचेसारख्या गुळगुळीत.

डीलरला फोन केला. “काका, ट्रॅक्टर घेऊन या.” कसा आणू, डोक्यावर? माणूस पाठवायचे १,८०० रुपये, बेल्ट वेगळा, मजुरी वेगळी, आणि तोही पुढच्या आठवड्यात. फोन ठेवला.

आता मुख्य तक्रार. बेल्टवर नंबर असतो, पांढऱ्या शाईत छापलेला. तो नंबर बेल्ट नवा असतानाच वाचता येतो, म्हणजे ज्या दिवशी त्याची काडीची गरज नसते त्या दिवशी. माझ्या बेल्टवर एक पांढरट डाग उरला होता, बस्स. मग सुतळी घेतली, बेल्टच्या बाहेरून फिरवली, मोजली: ४० इंच. रुंदी १३ मिलिमीटर, म्हणजे ‘ए’ सेक्शन (बेल्टच्या रुंदी-जाडीचं एक ठरलेलं माप), एवढं मला माहीत होतं. भाच्याला फोन करून ए-४० मागवला. १९० रुपये, साधा. लावला, ताण द्यायला डायनामो पार टोकापर्यंत ओढला, तरी बेल्ट वाळत घातलेल्या कपड्यासारखा लोंबतोय.

दुसऱ्या दिवशी दोन्ही बेल्ट पिशवीत घालून मरीन लाइन्सला उतरलो आणि लोहार चाळीतून नागदेवीला, सुट्या भागांच्या बाजारात गेलो. दुकानदाराने जुना बेल्ट दोन अर्धगोल ठोकळ्यांवर चढवला, सरकता ठोकळा ताणला आणि पट्टीकडे बघून म्हणाला, “अडतीस.” मी म्हटलं, शेठ, चाळीस भरतो, मी स्वतः मोजलाय. “बाहेरून मोजला ना काका? नंबर आतला असतो.” ‘ए’ बेल्टची जाडी ८ मिलिमीटर. त्यामुळे आतला आणि बाहेरचा घेर यांत दोन गुणिले ३.१४ गुणिले ८, म्हणजे ५० मिलिमीटरचा फरक पडतो. जवळजवळ दोन इंच. शाळेतलं गणित, साठीत १९० रुपयांना परत शिकलो. (मोटारीच्या काही बेल्टवर मात्र बाहेरचीच लांबी मिलिमीटरमध्ये छापलेली असते. म्हणून जुना बेल्ट सोबत न्यावाच.)

साधा ए-३८ मागितला, त्याने दातेरी पुढे केला: ३४० रुपये. खालच्या बाजूला दाते कापलेले असल्यामुळे तो डायनामोच्या छोट्या पुलीवर सहज वाकतो आणि कमी तापतो. १५० रुपये जास्त देताना जिवावर आलं, पण दिले.

लावायला दीड तास लागला, त्यातला तासभर एका बोल्टवर. डायनामोचे दोन बोल्ट: खालचा बिजागरीसारखा, वरचा खाचेतला. वरच्याला पाना लागतो, पण फिरवायला जागा बोटभर. थोडा फिरव, काढ, परत लाव. मग बेल्ट पंख्याच्या एकेका पात्यावरून ओवायचा, आणि ओवताना बोटांची सालपटं रेडिएटरच्या जाळीला. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, नाहीतर पाना डायनामोच्या टर्मिनलला लागून ठिणगी उडते. ताण देताना लोखंडी पहार डायनामोच्या ॲल्युमिनियमच्या अंगाला लावू नका. मी फावड्याचा लाकडी दांडा वापरला. सगळ्यात लांब मोकळ्या भागावर अंगठा जोरात दाबला की बेल्ट सेंटिमीटरभर दबावा, जास्त नाही. तबल्यासारखा ताणाल तर बेल्ट टिकेल, पण पाण्याच्या पंपाचं बेअरिंग जाईल. नवा बेल्ट सुरुवातीला थोडा सैल पडतोच. तासाभराने एकदा आणि मग दहा तासांनी पुन्हा ओढून घेतला.

मार्च, एप्रिल, मे: आवाज नाही, दिवा नाही. खूश होतो. जूनमध्ये पहिल्या पावसाआधी रोटाव्हेटर लावला आणि चींचीं परत सुरू. साठ तासही झाले नव्हते. त्याच संध्याकाळी तो मथळा लिहिला.

नागदेवीला भांडायलाच गेलो होतो. शेठने बेल्ट हातात घेतला, उलटा केला आणि दात्यांची टोकं दाखवली. ती चकाकत होती. “हा तळाला टेकतोय. पुलीची खाच बघितली का?” असा व्ही आकाराचा बेल्ट दोन्ही कडांनी पकडतो, तळाला तो टेकताच कामा नये. टेकला की कडांवरचा दाब जातो आणि कितीही ताणा, घसरतोच. वाडीत येऊन टॉर्च मारला. डायनामोच्या पुलीची खाच झिजून रुंद झालेली, तळ नव्या रुपयासारखा लख्ख. सहा वर्षं गोराईची रेती खाऊन आणखी काय होणार. म्हणजे जुना बेल्टही त्या पुलीनेच लवकर संपवला असणार. पुली ४५० रुपयांना मिळाली. त्यानंतर आजपर्यंत, पाऊसभर ट्रॉली ओढूनही, चूं नाही.

तर बेल्ट निर्दोष. डीलरवर राग कायम, पण खरं सांगायचं तर त्याच्या माणसाने कदाचित पुली पहिल्याच दिवशी पाहिली असती. ‘कदाचित’ असंच लिहितोय, कारण नुसता बेल्ट बदलून १,८०० घेऊन गेला असता याचीच मला जास्त खात्री आहे.

नंबर मात्र याही बेल्टवरून दुसऱ्याच महिन्यात गेला. बायकोच्या लाल नेलपॉलिशने बॉनेटच्या आतल्या पत्र्यावर A-38 लिहिलं, नव्हे, ए-अडतीस असं मराठीत लिहिलं, म्हणजे मेकॅनिकलाही शंका नको. बाटली अजून टूलबॉक्समध्येच आहे, घरी विचारणा झाली आहे.

एक स्पेअर बेल्टही आणून ठेवला होता. परवा सहज पिशवीतून काढला. एकदाही न वापरता इंग्रजी आठचा डावा भाग पुसला गेलाय, आणि अडतीसचा तेहतीस झालाय.