खोटं भरारी पथक आणि तुटलेलं सील

‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा’ हा मेसेज आता शाळकरी पोरंही ओळखतात. आमच्याकडे मेसेज आला नाही, लिंक आली नाही. तीन माणसं दारात आली, मीटर उघडला, कायद्याची कलमं सांगितली आणि पंधरा हजार रुपये घेऊन गेली. त्यांनी सांगितलेली बरीचशी कलमं खरी होती, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

आई घरी ब्लाउज शिवते. पुढच्या खोलीत दोन मशीनं आणि एक इस्त्री, एवढाच पसारा. दिवेलागणीची वेळ, घरात आई आणि वहिनी दोघीच. आलेल्यांच्या गळ्यात ओळखपत्रं होती, एकाच्या हातात विजेचा प्रवाह मोजायचं यंत्र. “बोर्डातून आलोय, भरारी पथक.” एक जण थेट जिन्याखालच्या मीटरकडे गेला, दुसरा मशीनचे फोटो काढायला लागला. थोड्याच वेळात जिन्याखालून हाक आली, “साहेब, सील तुटलंय.” सील त्यानंच कापलं होतं. शेजारच्या मुलानं ते पाहिलंही होतं, पण तपासणी अशीच करत असतील असं त्याला वाटलं.

मग ‘साहेब’ खुर्चीत बसले. “मावशी, दोन गुन्हे आहेत. घरगुती मीटरवर धंदा आणि मीटरशी छेडछाड. लाइन आत्ता कापावी लागेल, वर पोलीस केस.” वहिनीनं नेमका प्रश्न विचारला: पंधरा दिवसांची नोटीस कुठंय? तो हसला. “ताई, ती थकबाकीला लागते. चोरीला नाही.”

इथं बहुतेक जण गप्प होतील, कारण तो खरं बोलत होता. विद्युत कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे बिल थकलं तर वीज तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाच्या रकमेवर वाद असेल तर ती रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीनं होणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. हे सगळं थकबाकीचं. चोरी सापडली तर कलम 135 खाली जागेवरच वीज तोडता येते. ‘नोटिशीशिवाय कोणी वीज तोडूच शकत नाही’ हा ग्रुपवर फिरणारा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे, आणि भामट्यांना त्याचं उत्तर पाठ असतं.

त्यानं जे सांगितलं नाही ते त्याच कलमात पुढं आहे. चोरीवरून वीज तोडण्याचा अधिकार ठरावीक दर्जाच्या अधिकाऱ्यालाच आहे, आणि तोडल्यापासून 24 तासांत पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावीच लागते. म्हणजे ‘पोलिसांत जायचं नसेल तर इथंच मिटवू’ असं म्हणण्याची मुभा खऱ्या अधिकाऱ्यालाही नाही. झडतीच्या वेळी घरातलं कोणीतरी हजर असलं पाहिजे, आणि जे जप्त होईल त्याची यादी करून त्यांना द्यावी लागते. शिवाय घरगुती जागेत सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत, तिथं राहणारा प्रौढ पुरुष हजर नसेल तर तपासणी, झडती किंवा जप्ती करता येत नाही. बायकाच घरात असताना संध्याकाळी गाठायचं हे त्यांनी मुद्दाम ठरवलं होतं, याबद्दल मला शंका नाही. आणि नेमकी तीच वेळ कायद्यानं अशा पथकाला बंद केलेली आहे.

घरगुती मीटरवर धंदा हा ‘गुन्हा’ तर गुन्हाच नव्हता. घरगुती जोडणीवर दुसरा वापर सापडला तर ते कलम 126 चं प्रकरण होतं. त्यात आधी तात्पुरत्या आकारणीचा लेखी आदेश येतो, त्यावर हरकत घेता येते, सुनावणी होते आणि तो आदेश हातात पडल्यापासून 30 दिवसांत अंतिम आदेश द्यावा लागतो. दर दुप्पट लागतो हे खरं, पण रक्कम दारात उभं राहून कोणी ठरवत नाही. त्याहून मोठी गोष्ट आम्हाला नंतर कळली. विजेचे दर ठरवणाऱ्या राज्य वीज नियामक आयोगाच्या दर आदेशांत अशी तरतूद आहे, की राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्याचा वापर महिन्याला 300 युनिटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षात 3,600 युनिटपर्यंत असेल, तर त्याला घरगुती दरच लागतो. आईचं बिल या मर्यादेच्या आसपासही जात नाही. शिवणकाम, शिकवण्या, डबे, पार्लर असं काही घरातून करणाऱ्या प्रत्येकीनं आपल्या बिलावरची युनिटं एकदा पाहून ठेवावीत. दर आदेश बदलत राहतात, तेव्हा चालू आदेश बघायचा.

साहेबांनी एका छापील फॉर्मवर 62,000 रुपयांचा आकडा लिहिला आणि खाली ‘तडजोड 15,000’. हाही शब्द त्यांनी हवेतून आणला नव्हता. कलम 152 मध्ये चोरीच्या गुन्ह्यात तडजोडीची सोय आहे, पण ती रक्कम शासनानं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा होते आणि ती सवलत एकदाच मिळते. चोरलेल्या विजेचं बिल वेगळं. घरातले सात हजार रोख त्यांनी घेतले, उरलेले आठ हजार वहिनीच्या फोनवरून क्यूआर कोडवर. पैसे गेल्यावर स्क्रीनवर एका व्यक्तीचं नाव दिसलं. “आमचे कॅशियर आहेत ते.” पावती उद्या ऑफिसात. आमच्या वीज कंपनीच्या काउंटरवर तर ऑगस्ट 2023 पासून घरगुती ग्राहकाकडून महिन्याला 5,000 रुपयांच्या वर रोख घेतच नाहीत.

मी पोचले तेव्हा गाडी गेलेली होती. लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, कारण ऑनलाइन गेलेल्या पैशांच्या बाबतीत जितका लवकर फोन तितकी रक्कम पुढं सरकायच्या आत अडण्याची शक्यता. ते आठ हजार समोरच्या बँकेत अडकवले गेले आहेत, अजून हातात आलेले नाहीत. रोख सात हजारांची आशा मी धरलेली नाही. पोलीस ठाण्यात सुरुवातीला ‘नुसता अर्ज देऊन जा’ असा सूर होता. भारतीय न्याय संहितेतलं कलम 318 फसवणुकीचं आणि 319 तोतयेगिरी करून फसवण्याचं, एवढं अर्जात लिहून नेल्यावर बोलणं जरा पुढं सरकलं.

पण पैशांपेक्षा मोठं लचांड ते मागं ठेवून गेले, ते म्हणजे कापलेलं सील. मीटरशी छेडछाड हा कलम 135 खाली चोरीचाच प्रकार आहे, आणि चोरीसाठी केलेली काही व्यवस्था सापडली तर उलट सिद्ध होईपर्यंत चोरी ग्राहकानंच केली असं कायदा गृहीत धरतो. म्हणजे पुढं खरं पथक आलं असतं तर त्या तुटक्या सीलचं उत्तर आईला द्यावं लागलं असतं. शेजारी म्हणत होते, ऑफिसात कळवू नका, उगाच नसती चौकशी मागं लागेल. मला ते अजिबात पटलं नाही. सकाळीच वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसात लेखी अर्ज दिला: अमुक वेळी अनोळखी माणसांनी सील कापलं, फोटो जोडले आहेत, पोलिसांत तक्रार दिली आहे, मीटर तपासून नवीन सील लावावं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. तिथला कारकून ‘पोच कशाला, ठेवा इथं’ म्हणत होता. त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा शिक्का मिळाला.

खरी माणसं आली ती दिवसा. आम्ही ऑफिसात फोन करून त्यांची नावं विचारली, तोवर ती दारात थांबली, आणि कोणाला राग आला नाही. ग्राहकानं आत घेतलंच नाही तरी कलम 163 प्रमाणे लेखी नोटीस देऊन 24 तास थांबल्याशिवाय वीज तोडता येत नाही, मग दहा मिनिटांच्या फोननं काय बिघडणार? मीटर तपासला, बरोबर निघाला. जुनं सील पिशवीत घातलं, नवीन सीलचा क्रमांक अहवालात लिहिला, आईची सही घेतली आणि प्रत दिली. शुल्क असेल तर बिलात येईल, म्हणाले.