गिंपमध्ये माटोळी उजळताना: चवथीपासून आतापर्यंतचा अनुभव

ज्या फोटो-सॉफ्टवेअरला मी दरवर्षी पैसे मोजायचो, त्यांनी ऐन चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर न विचारता नूतनीकरण करून टाकलं आणि कार्डावरून रक्कम वळती झाली. तक्रार केली तर उत्तरं द्यायला यंत्र. शेवटी माणूस भेटला, तो ‘धोरणात बसत नाही’ म्हणून मोकळा. त्याच रात्री ते काढून टाकलं आणि गिंप हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. फुकट आहे म्हणून घेतलं, उगाच तत्त्वाच्या गोष्टी सांगत नाही.

माझं काम मुख्यतः एकच, फोटोतले काळोखे भाग उजळणं. गोव्यात फोंड्याकडच्या जुन्या घरात माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीचा, फोटो काढायचा म्हणजे खाली समया आणि लुकलुकणारी माळ, मागे पांढरी भिंत, आणि माटोळी वर अंधारात. कॅमेरा त्या उजेडावरून हिशेब करतो; कवंडळं, माट्टी ही रानफळं, सुपारीचे घोस सगळं काळंठिक्कर. गोव्याच्या कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेसाठी माणसं रान पालथं घालून फळं आणतात. ती फोटोत ओळखूच आली नाहीत तर काय उपयोग?

गिंपच्या ‘कलर्स’ मेनूत ‘शॅडोज-हायलाइट्स’ आहे. शॅडोजचा स्लायडर उजवीकडे नेला आणि कवंडळाचा लाल रंग वर आला. खूश! मग मोठं करून पाहिलं. प्रत्येक घोसाभोवती भिंतीवर पांढुरकी कडा. एकदा दिसली की डोळ्यांना दुसरं काही दिसत नाही. घरी दाखवलं तर म्हणे, ‘कुठे काय आहे?’ मला मात्र त्या कडेनं झोप लागू दिली नाही.

दोष ‘रेडियस’चा. कुठे काळोख आहे हे ठरवायला तो फिल्टर फोटोची पुसट प्रत वापरतो. रेडियस मुळात १०० असतो, त्यामुळे काळ्या घोसाचा काळोख त्या प्रतीत शेजारच्या भिंतीवर सांडतो आणि भिंतही उजळते. रेडियस अगदी कमी केला तर कडा बारीक होते, पण माट्टीच्या फळांवरचे कंगोरे सपाट पडतात. इकडे आड, तिकडे विहीर. छायेतला रंग सांभाळणारा स्लायडर आधीच १०० वर असतो, तो तिथेच राहू द्या. खाली आणला तर कवंडळ विटकरी दिसतं.

इथवर मी गिंपला दोन तारेच देणार होतो. मग थरांची (एकावर एक ठेवलेल्या चित्रांची, म्हणजे लेयर्सची) वाट धरली. थराची नक्कल, तिला चित्र उजळवणारा ‘स्क्रीन’ मोड, त्यावर त्याच थराच्या करड्या प्रतीचा मास्क (तो पांढरा तिथे थर दिसतो, काळा तिथे झाकतो), तोही उलटा करून. आता उजळेल ते फक्त काळोखातलं. मास्क थोडा पुसट केला आणि जिथे भिंतीवर कडा आली तिथे मास्कवरच काळा ब्रश फिरवला. वेळ जातो, पण कडा जाते. शिवाय मार्च २०२५ मध्ये आलेल्या गिंप ३.० पासून फिल्टर थरावर जिवंत राहतो, रेडियस नंतरही बदलता येतो. तारे चार केले.

कडेसाठी खरा उतारा मात्र डार्कटेबल या दुसऱ्या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये सापडला, तेही फुकटच. त्यातला ‘टोन इक्वलायझर’ वस्तूंच्या कडा ओळखून मास्क बनवतो. काळोख्या जागी कर्सर ठेवायचा, माउसचं चाक फिरवायचं, तेवढाच पट्टा उजळतो. भिंत जागच्या जागी! माझ्या जुन्या लॅपटॉपला तो जड जातो. चाक फिरवून चहाचा घोट घ्यायचा, मग चित्र बदलतं.

दिवाळीच्या आदल्या रात्रीचे नरकासुराच्या पुतळ्याचे फोटो मात्र दोन्हीकडे नापास. मोबाइलवरचे जेपेग, म्हणजे आधीच आवळलेल्या फाइली, होते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, त्यातल्या काळोखाच्या वाट्याला मोजक्याच. वर ओढल्या की नरकासुराच्या अंगावर चौकोनी ठिगळं आणि रंगीत रवा. १४ बिटच्या रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, १६,३८४ पायऱ्या असतात, म्हणून तिथे ओढाताण सोसते. जेपेगमध्ये मुळात टिपलंच गेलं नाही ते कुठलंही सॉफ्टवेअर आणून देणार नाही, पैसे घेणारंही नाही.

पुढच्या चवथीला सगळं रॉमध्येच काढणार. त्या फाइली ठेवायला हार्डडिस्क मागवली आहे. तिची किंमत घरी अजून सांगितलेली नाही.