अस्वलरोधक डबा, आठ महिन्यांनंतर: सगळं पटलं, झाकण सोडून

रानात मुक्कामाला असताना खाणं अस्वलाच्या हाती लागू नये म्हणून ते ज्यात बंद करून ठेवायचं, तो हा डबा: साडेअकरा लिटरचा, पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा (टणक प्लास्टिकचा), 1.16 किलोचा. मापं सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून थेट झाकणावर येतो.

झाकण फिरवून लावायचं, कडेला दोन खटके. पहिला वाजला की लागल्यासारखं वाटतं, पण ते लागलेलं नसतं. दुसराही अडथळ्यापलीकडे जायला हवा. पुण्यात ओट्यावर हे सहज जमतं. हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात पहाटे शून्याच्या आसपास प्लास्टिक ताठरतं, बोटं बधिर होतात आणि खटका दबता दबत नाही. आट्यांत वाळूचा कण गेला किंवा आतली पिशवी फुगून झाकण वर ढकलत असेल, तर संपलंच. उपाय एकच: मुदत संपलेलं एटीएम कार्ड. खटका आणि डब्यावरचा उंचवटा यांच्या मधे सरकवा, झाकण त्यावरून घसरत सुटतं. दुसऱ्या खटक्यालाही तसंच. कार्ड डब्यात ठेवू नका, खिशात ठेवा!

एवढे पैसे आणि वर कस्टम ड्युटी भरून वस्तू उघडायला कार्ड लागावं, याचा संताप पहिले तीन महिने होता. मग खटके दोन का, ते कळलं. अमेरिकेत अडिरॉन्डॅकच्या डोंगरांत येलो-येलो नावाची एक काळी अस्वलीण एका खटक्याचं झाकण उघडायला शिकली होती. म्हणून दुसरा खटका आला, तर तिने तोही उघडला. हे कळल्यापासून झाकणाच्या ताठपणाबद्दल तक्रार नाही. खटका अंगठ्याएवढा रुंद का नाही, ही तक्रार मात्र कायम.

बोहरी आळीतला प्लास्टिकचा ड्रम चालेल का? नाही. त्याला कडी असते, झाकणाची कड बाहेर आलेली असते. अस्वलाला दात रोवायला तेवढं पुरतं. हा डबा गोल, गुळगुळीत आणि जबड्यात न मावण्याइतका जाड आहे, सगळं संरक्षण त्यातच आहे. झाडाला पिशवी टांगायचा पर्यायही कच्चा, कारण हिमालयातलं काळं अस्वल झाडावर सराईतपणे चढतं.

एका माणसाचं सात दिवसांचं अन्न मावतं म्हणतात. चिवडा-कुरमुरे घेतलेत तर चारच दिवसांचं. तळाशी गूळपोळ्या आणि दशम्यांची चवड, मधल्या फटींत भाजणी, मेतकूट, तांदूळ, वर लाडू. हवा काढलेल्या पिशव्याच भरा. टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, लिप बाम, खरकट्याची पिशवी, सगळं आतच. वास येणारी एक वस्तू तंबूत राहिली तर डबा फुकट. पहिल्या दिवसाचा दुपारचा डबा बाहेर राहिला तरी चालतो, पण रात्रीपर्यंत तो संपलेला हवा.

रात्री डबा तंबूपासून निदान शंभर पावलं दूर, सपाट जमिनीवर. चूल दोन्हींपासून वेगळी. दोरी बांधू नका. दोरी म्हणजे ओढून न्यायला कडीच. उतार, कडा, ओढा टाळा, नाहीतर अस्वल लोळवत नेईल आणि डबा शाबूत राहूनही तुम्ही उपाशी राहाल. डबा हवाबंद नाही, म्हणून पावसात झाकण खाली करून ठेवा.

सह्याद्रीत याचा काय उपयोग, असं वाटत होतं. हरिश्चंद्रगडावरच्या माकडांपुढे हा डबा एकदम चोख ठरला. मात्र मेळघाटसारख्या रानात डब्यावर विसंबू नका. तिथलं अस्वल वाळवी, मध, मोहाची फुलं खाणारं. ते अचानक समोर आलं की हल्ला करतं. तिथे पहाटे-संध्याकाळी एकट्याने चालू नये आणि मोठ्याने बोलत जावं, हेच खरं संरक्षण. अस्वलाला पळवून लावायचा तिखट स्प्रे तर विमानात केबिनमध्येही चालत नाही आणि चेक-इनलाही नाही.

शेवटचं धुण्याबद्दल. हिंग-लसणाचा वास प्लास्टिकला धरतो. कोमट पाणी आणि खायचा सोडा लावून रात्रभर ठेवा. थिनर, अॅसिटोन अजिबात नको. डासांच्या औषधातलं डीटही पॉलिकार्बोनेट खातं, ती बाटली दुहेरी पिशवीत ठेवा. पावसाळ्यात झाकण काढून माळ्यावर ठेवा, नाहीतर आत कुबट वास भरतो. भिंतीवर केसाएवढी चीर दिसली, तर त्या डब्यात आता घरची डाळच भरायची.