उतारा ओळखीचा निघाला, तेव्हाच मी उठायला हवं होतं

३५,५०० रुपये. लघुलेखनाचं खोटं प्रमाणपत्र हातात देणाऱ्या क्लासला माझे एवढे गेले. आकडा आधी लिहून टाकते, कारण घरात तो अजून कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. प्रवेश १२,०००. नोट्स आणि डिक्टेशनचे ऑडिओ ३,५००. परीक्षेचा फॉर्म ६,८००. स्पीड बॅच ९,०००. आणि शेवटी "प्रमाणपत्र लवकर काढून द्यायचे" ४,२००. रूमभाडं आणि मेस यात धरलेलं नाही.

मी परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातली. बी.ए. झाल्यावर जी जाहिरात निघेल ती भरत होते. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांना दहा लाखांवर अर्ज आले, त्यात माझाही एक होता. तिथं काही लागलं नाही. मग कुणीतरी सांगितलं की स्टेनोला गर्दी कमी असते, कारण लघुलेखनाचं, म्हणजे बोललेलं खुणांनी झरझर लिहून घेण्याचं, प्रमाणपत्र असल्याशिवाय फॉर्मच भरता येत नाही. हे खरंच आहे. राज्य सरकारच्या जाहिरातीत लघुटंकलेखकाला मिनिटाला ८० शब्द लागतात, निम्नश्रेणी लघुलेखकाला १००, उच्चश्रेणीला १२०. सोबत मराठी ३० किंवा इंग्रजी ४० चं टायपिंग. मराठी ३० मी सेलूतच पास झाले होते, मान्यता असलेल्या साध्या संस्थेत. लघुलेखन शिकवणारं जवळपास कुणी नव्हतं, म्हणून छत्रपती संभाजीनगरला गेले.

क्लासचं नाव लिहीत नाही. वकिलांनी तसं सांगितलंय. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील. जिन्यात दोन्ही बाजूंनी निवड झालेल्यांचे फोटो, बोर्डावर "शासनमान्य" असं ठळक अक्षरात, आणि त्या शब्दाखाली मान्यता क्रमांक नाही. क्रमांक नाही हे मला दिसलं होतं. मी विचारलं नाही. बारा जिल्ह्यांतली पोरं फी भरताना दिसत असताना एकटीनं उभं राहून "तुमचं मान्यतापत्र दाखवा" असं म्हणायला जीभ रेटत नाही. आता म्हणते, रेटा. जो खरा असेल तो ते पत्र भिंतीवर लावूनच बसलेला असतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये फीसाठी अप्पांनी मोंढ्यावर, म्हणजे बाजारात, नऊ क्विंटल सोयाबीन क्विंटलला ४,१०० नं घातलं. त्या वर्षीचा हमीभाव ४,८९२ होता. थोडं थांबले असते तर हमीभावाच्या खरेदी केंद्रावर गेलं असतं, पण क्लासचे सर म्हणाले होते की बॅचमध्ये तीनच जागा उरल्यात. त्या जागा कधीच भरल्या नाहीत, शेवटपर्यंत लोक येतच होते.

एक गोष्ट मी आधीच सांगते, कारण हे वाचून पहिला प्रश्न हाच येतो. मी सर्टिफिकेट विकत घ्यायला गेले नव्हते. मी शिकायला गेले होते आणि मी शिकले. सात महिने सकाळी साडेपाचला उठून जाड रेघ, बारीक रेघ, अर्धी रेघ, शब्दचिन्हं घोटली. अकरा वह्या भरल्या, त्या आजही कपाटात आहेत. शिकवायला ठेवलेल्या मॅडम चांगल्या होत्या, त्यांचा यात काही संबंध असेल असं मला वाटत नाही. त्यांचाही चार महिन्यांचा पगार बुडालाय. मे महिन्यात मी ८० चं डिक्टेशन घेऊन लिप्यंतरात दोन-तीन चुकांवर आले होते. म्हणजे मला खोट्याची गरजच नव्हती. हेच सगळ्यात जास्त जाळतं.

लघुलेखनाची शासकीय परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, टायपिंगचीही तीच. फॉर्म मान्यताप्राप्त संस्थेकडून भरले जातात. सर म्हणाले, "फॉर्म आमच्या लॉगिनमधून जातो, तुम्ही काही करायचं नाही, फक्त फोटो आणि सही द्या." ६,८०० रोख दिले. पावती मागितली तर कोऱ्या चिठ्ठीवर आकडा आणि सही मिळाली, शिक्का नाही. परिषदेच्या परिपत्रकात परीक्षा शुल्क लिहिलेलं असतं. ते परिपत्रक एमएससीई पुणे डॉट इन वर कुणालाही दिसतं. मी उघडून पाहिलं नाही. तुम्ही फॉर्म भरणाऱ्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसा आणि स्क्रीनवर काय उमटतं ते स्वतः वाचा.

जूनमध्ये हॉल तिकीट आलं. परीक्षा केंद्र म्हणून क्लासचाच पत्ता होता.

इथं मला कुणी माफ करू नये. टायपिंगची परीक्षा मी दिलेली होती. खरं केंद्र कसं असतं ते मला माहीत होतं. दुसऱ्याच कॉलेजात केंद्र होतं, चार-पाच संस्थांची पोरं एकत्र बसलेली, पर्यवेक्षक सगळे अनोळखी. इथं वर्गात आम्ही एकोणीस जण, सगळे आमच्याच बॅचचे. माझा बाकसुद्धा रोजचाच. मी विचारलं, "सर, बाहेरचे कुणीच नाहीत?" सर म्हणाले, "लघुलेखनाला उमेदवार कमी असतात, म्हणून संस्थेलाच केंद्र देतात." आणि उत्तर पटण्यासारखं होतं. उमेदवार कमी असतात हे तर खरंच ना! याच कमी गर्दीसाठी तर मी आले होते.

मग एक टाय लावलेला माणूस आला, "पुण्याहून आलोय" म्हणाला, लिफाफा फोडला आणि वाचायला लागला. पहिलं वाक्य सहकारी चळवळीवर. दुसऱ्या वाक्याला माझा हात त्याच्या आधी धावला. हा उतारा मी लिहिलेला होता. आमच्या नोट्समधला, सातव्या वहीत, तारखेसकट. पुढचा शब्द काय येणार ते मला पाठ होतं, त्यात एके ठिकाणी नोट्समध्ये छापण्याची चूक होती आणि तीच चूक त्या माणसानं जशीच्या तशी वाचली. लिफाफ्यातल्या "गोपनीय" कागदावर आमच्या नोट्समधली चूक कशी आली?

मला हे त्याच क्षणी कळलं होतं. नंतर कळलं असं मी खोटं सांगणार नाही. कळलं, आणि मला आनंद झाला. वाटलं, नशीब उघडलं, ओळखीचा उतारा आला. शेजारी बसलेली पाथरीची मुलगी माझ्याकडे बघून हसली, तिनंही ओळखला होता. एकोणीस जणांना तो उतारा पाठ होता आणि एकोणीसपैकी एकानंही पेन खाली ठेवलं नाही. उठून बाहेर जायला दार दहा पावलांवर होतं.

प्रमाणपत्र दोन महिन्यांनी आलं, ते सुद्धा ४,२०० घेऊन. दिसायला टायपिंगच्या प्रमाणपत्रासारखंच होतं. मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिली नाहीत. ठेवायला हवी होती. बैठक क्रमांक निकालात टाकून पाहणं दोन मिनिटांचं काम होतं. हातात कागद आल्यावर कोण निकाल बघतो?

त्याच सुमारास एका कार्यालयाची लघुटंकलेखकाची जाहिरात निघाली. ऑनलाइन परीक्षा पास झाले. कौशल्य चाचणीला ८० चं डिक्टेशन अनोळखी होतं, जलसिंचनावर, आणि मी ते पास झाले. हे पुन्हा लिहिते, मी ते पास झाले. कागदपत्र पडताळणीला टेबलावरच्या बाईंनी प्रमाणपत्राचा क्रमांक टाकला, पुन्हा टाकला, मग शेजारच्यांना बोलावलं. "हे परिषदेच्या नोंदीत नाही." मागे रांगेत वीस-बावीस उमेदवार उभे होते. मला बाजूला बसवलं आणि सात दिवसांत लेखी खुलासा द्या असं पत्र हातात दिलं. बनावट प्रमाणपत्र सादर केल्याबद्दल कारवाई का करू नये, असं त्यात होतं. यादीतून नाव गेलं. तपोवन एक्स्प्रेसनं घरी येताना परतूरपर्यंत मी ते पत्र उघडूच शकले नाही.

सरांना फोन केला. ते घाबरतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "सर्टिफिकेट वापरलं कुणी? तुम्ही. माझ्यावर केस करायला गेलात तर आधी तुम्ही आत जाल." या एका वाक्यावर त्यांचा धंदा चालतो. पोरं गप्प बसतात ती पैशांसाठी नाही, याच वाक्यासाठी. म्हणून सांगते, असा फोन आला तर रेकॉर्ड करा आणि मगच बोला. माझ्याकडे रेकॉर्डिंग नाही.

आता पोलिसांचं. क्लास ज्या हद्दीत येतो त्या ठाण्यात पहिल्यांदा गेले तर साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा गेले तर ठाणे अंमलदारानं अर्ज वाचला आणि म्हणाले, "पैसे फोन पे वरून गेलेत म्हणजे सायबरला जा." सायबरवाल्यांनी विचारलं किती गेले ऑनलाइन. १३,२००. बाकीचे २२,३०० रोख. ते म्हणाले, "ही ऑनलाइन फसवणूक नाही, तुम्ही स्वतः ओळखीच्या माणसाला पाठवलेत, ठाण्यात जा." पुन्हा ठाणं. तिसऱ्यांदा कुणीतरी शोध लावला की प्रमाणपत्रावर पुण्याचा शिक्का आहे, तेव्हा गुन्हा पुण्यात घडला, पुण्याला जा. मी म्हटलं, साहेब, शिक्काच खोटा आहे, पुण्यात कुणी काही केलेलंच नाही! तर ते म्हणाले, "मग तुम्हीच खोटा कागद जोडला की फॉर्मला." आणि अप्पांकडे वळून, "पोरीला एवढं लांब कशाला ठेवता, लग्न लावून टाका ना." अप्पा चोवीस तासांतल्या दोन गाड्यांचं गणित बघून आलेले, धोतराचा सोगा हातात धरून उभे. त्यांनी मान हलवली. त्या मान हलवण्याचा राग मला सरांवरच्या रागापेक्षा जास्त येतो, आणि तो अप्पांवर नाही.

मान्यता देणाऱ्या खात्याच्या कार्यालयात गेले तर उत्तर मिळालं, तो क्लास आमच्या यादीत नाही, म्हणून आम्हाला त्याच्यावर कारवाई करता येत नाही. म्हणजे ज्यानं मान्यता घेतली त्याची तपासणी होणार, आणि ज्यानं घेतलीच नाही तो मोकळा. बोर्डावर "शासनमान्य" लिहून तो शहराच्या मध्यावर बसलाय, रोज शेकडो लोक तो बोर्ड वाचतात, त्यात सरकारी माणसं नसतील का?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, तक्रार घ्यावी लागते. झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. घेतली नाही तर त्याच कलमाच्या चौथ्या उपकलमाखाली जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना टपालानं लेखी पाठवता येते, तिथंही नाही झालं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. हे मला ठाण्यात कुणी सांगितलं नाही, सेलूच्या एका वकिलांनी सांगितलं, एक पैसा न घेता. फसवणुकीचं कलम ३१८, बनावट कागदाचं ३३६, दोन्ही भारतीय न्याय संहितेतली. अर्जावर पोच घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका. माझ्या पहिल्या दोन अर्जांवर पोच नाही, ते दिलेच नाहीत असं धरलं जातंय. आणि ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन लावा. मी पाच महिन्यांनी लावला.

खुलाशात मी सगळं खरं लिहिलं, वह्यांच्या झेरॉक्ससह. सरांनी "मी स्वतः परीक्षेला बसले नाही, एजंटनं दिलं असं लिही, सुटशील" असा निरोप पाठवला होता. तसं लिहिलं असतं तर मी कायमची अडकले असते. खुलासा लिहिताना फसवणाऱ्याचा सल्ला घेऊ नका, तो स्वतःला वाचवत असतो.

आणखी एक. त्याच क्लासमध्ये वसमतच्या मैत्रिणीकडून ११,००० घेतले, "एसएससी स्टेनो, मराठी माध्यम" अशा बॅचचे. कर्मचारी निवड आयोगाच्या, म्हणजे एसएससीच्या, स्टेनोग्राफर परीक्षेत कौशल्य चाचणी इंग्रजी किंवा हिंदीतच असते, मराठीत नाही. ग्रेड सी ला १००, ग्रेड डी ला ८० च्या गतीनं, दहा मिनिटं. फॉर्मची फी १०० रुपये, आणि मुलींना तीही माफ. मुलाखत नसतेच. तिला मात्र मुलाखतीच्या तयारीचेही पैसे लावले होते. मूळ जाहिरात वाचायला अर्धा तास लागतो. तिनं नाही वाचली, मीही माझी नाही वाचली. आम्ही बोर्ड वाचला.

क्लासवर आता स्पोकन इंग्लिशची पाटी आहे. जिन्यातले फोटो तेच आहेत.

मी सेलूलाच राहते. एका खऱ्या संस्थेतून पुन्हा फॉर्म भरलाय, भरताना शेजारी बसून. तक्रार रजिस्टर पोस्टानं अधीक्षकांच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेलीय, पोचपावती परत आलीय. एकोणिसांपैकी माझ्यासकट पाच जणांच्या त्यावर सह्या आहेत. पाथरीच्या मुलीची नाही, तिच्या घरी अजून सांगितलेलं नाही. उरलेल्या चौदा जणांनी, ज्यांच्या फाइलमध्ये ते प्रमाणपत्र आहे, कुठल्याही जाहिरातीला ते जोडण्याआधी बैठक क्रमांक तपासा आणि मला किंवा त्या चौघांपैकी कुणाला निरोप द्या. आपण सगळ्यांनी तो उतारा एकाच खोलीत लिहिलाय.