अकरावी सायन्स, डिप्लोमा की आयटीआय? दहावी झालेल्या मुलांच्या आईबाबांसाठी

दहावीचा निकाल लागला की घरात पहिला प्रश्न "किती पडले?" आणि दुसरा लगेच, "सायन्स ना?" थोरल्याच्या वेळी आम्हीही त्याला न विचारताच सायन्सला घातलं. कॉलेज, क्लास आणि टेस्ट सिरीज यांत तो दोन वर्षं पिचून गेला. त्याला तिथे करमत नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. धाकटीच्या वेळी मात्र मे महिन्यातच तिला घेऊन बाहेर पडले. (कॉमर्स आणि आर्ट्सचा विषय मोठा आहे, तो इथे घेत नाही.)

आधी वर्षांचा हिशोब, कारण तिथेच खूप गैरसमज आहे. अकरावी-बारावीची दोन आणि इंजिनीअरिंगची चार, अशी सहा वर्षं. दहावीनंतरच्या इंजिनीअरिंग डिप्लोमाची तीन आणि पुढे डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, म्हणजे आणखी तीन. तीही सहाच. "डिप्लोमात वर्ष वाया जातं" म्हणणाऱ्या काकांना एवढं सांगितलं तरी पुरे.

फरक आहे तो परीक्षेत. बारावीनंतर सगळं सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, तीन तासांवर येतं : 150 प्रश्न, 200 गुण. डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर मिळतो. वर्षभर नेटाने काम करणारं, पण एका पेपरला घाबरून गळाठणारं मूल असेल, तर हा फरक फार मोठा आहे. आयआयटीचं स्वप्न असेल तर मात्र अकरावी-बारावीचीच वाट सोयीची.

अकरावीची खरी जमेची बाजू म्हणजे निर्णय दोन वर्षं पुढे ढकलता येतो. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतले तर सीईटी, नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा), एनडीए (सैन्यातल्या अधिकाऱ्यांसाठी), बीएस्सी, सगळंच खुलं राहतं. डिप्लोमात पंधराव्या-सोळाव्या वर्षीच शाखा निवडावी लागते, आणि नंतर डॉक्टर व्हावंसं वाटलं तर अकरावी-बारावीपासून सुरुवात. म्हणून जे मूल मनापासून "अजून माहीत नाही" म्हणतं, त्याला मी अकरावीच सुचवेन.

डिप्लोमाची दुखरी बाजू गणिताची. डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात शेजारी बसलेली मुलं पहिल्या वर्षाचं गणित करून आलेली असतात, आणि यांना एकदम पुढचा पेपर समोर येतो. हुशार मुलंही तिथे अडखळतात. डिप्लोमा घेतलात तर गणिताचा हात सुटू देऊ नका.

आता आयटीआय. "मार्क कमी पडले तर आयटीआयला टाकू" हे वाक्य मुलांसमोर बोलूच नये, असं मला कळकळीनं वाटतं. फिटर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. नंतर कारखान्यात अप्रेंटिसशिप, तीही स्टायपेंडसह. महावितरणच्या विद्युत सहाय्यकासारख्या जागांना इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा आयटीआयच लागतो. शिवाय दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं आणि तिथून डिग्रीलाही. घरात लवकर कमाई हवी असेल तर ही वाट सर्वात सरळ.

पण हे सगळं कागदावरचं झालं. धाकटीचं ठरलं ते ओळखीच्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये. मिस्त्रींनी लोखंडाचा तुकडा वाइसमध्ये (शिकंज्यात) आवळून तिच्या हातात कानस दिली. "एक बाजू सपाट कर, गुण्या लावून बघ." (गुण्या म्हणजे काटकोनी पट्टी.) ती पाऊण तास घासत होती. दर दोन मिनिटांनी तुकडा काढायची, गुण्या लावून उजेडाकडे धरायची आणि खालून फट दिसली की पुन्हा वाइसमध्ये लावायची. अंगठ्याच्या बेचक्यात फोड आला. घरी येताना विचारलं, "कंटाळलीस?" तर म्हणाली, "एका कोपऱ्यात अजून उजेड येतोय, उद्या परत जाऊया?" तिनं मेकॅनिकल डिप्लोमा घेतला. तिच्या मैत्रिणीला तीच शेड पंधरा मिनिटांत नकोशी झाली, आणि तेही तिला वेळेवर कळलं हे बरंच झालं.

तुम्हीही प्रत्येक वाटेवरचं एकेक माणूस मुलाला भेटवा. तीस वर्षं नोकरी झालेले साहेब नकोत, चार-पाच वर्षं पुढे असलेला ताई-दादा हवा. "स्कोप आहे का?" हे विचारू नका, "कालचा दिवस कसा गेला?" हे विचारू द्या. आणि त्या वेळी आपण शेजारी बसून मुलाच्या वतीनं बोलू नये. मला हे फार जड गेलं.

अकरावी आणि डिप्लोमा दोन्हींचे फॉर्म भरता येतात, जरूर भरा. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, डोमिसाइल यांतलं जे लागणार असेल ते निकालाआधीच काढून ठेवा, नंतर सेतू केंद्रात रांगा लागतात. शाळा सोडल्याचा मूळ दाखला मात्र एकच असतो. एका ठिकाणी जमा केला की तो परत घ्यायला आधी प्रवेश रद्द करावा लागतो, तेव्हा तो हातचा देण्याआधी मुलाला एकदा शेवटचं विचारा.