प्रकाशनसंस्था डळमळली तर कथांचे हक्क कसे सोडवावेत : तीन मार्गांची तुलना

लातूर, नांदेड, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगर येथील अनेक लहान प्रकाशनसंस्था एका माणसाच्या जिवावर चालतात. ग्रंथालयांकडची येणी अडकली, छापखान्याचे बिल थकले किंवा तो माणूसच आजारी पडला, की कथासंग्रह अधांतरी राहतो : प्रती बाजारात नाहीत, मानधनाचा हिशेब नाही, आणि नवी आवृत्ती काढायला तयार असलेला दुसरा प्रकाशक पहिल्याच भेटीत हक्क कोणाकडे आहेत ते विचारतो. अशा वेळी लेखकापुढे तीन मार्ग असतात : प्रकाशकाची लेखी संमती घेणे, हक्क संपल्याची नोटीस देणे, किंवा न्यायालयात जाणे. त्यांपैकी कोणता धरायचा, हे आधी करारपत्र वाचून ठरवावे.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि हक्क देणाऱ्याच्या सहीनेच होते. म्हणून तोंडी बोलण्यावर संग्रह निघाला असेल, तर आतल्या पानावर ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ असे छापलेले असले तरी तेवढ्याने हक्क प्रकाशकाकडे जात नाहीत. करार आहे, पण मुदत लिहिलेली नाही, तर ती पाच वर्षे धरली जाते; प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. शिवाय मिळालेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरलाच नाही, तर करारात वेगळी तरतूद नसल्यास तो संपुष्टात येतो. ज्या कथा आधी दिवाळी अंकांत आल्या असतील, ते अंक पुरावा म्हणून जपून ठेवावेत.

माझ्या मते संमतीचा मार्ग सर्वांत चांगला, मात्र तो प्रकाशक फोन उचलतो आहे तोवरच सोपा असतो. त्याला खर्च जवळजवळ नाही आणि नव्या प्रकाशकालाही सहीचा कागदच सर्वाधिक भरवशाचा वाटतो. पत्रात संग्रहाबरोबर प्रत्येक कथेचे नाव, पुस्तक, ई-पुस्तक, ध्वनिपुस्तक, अनुवाद, नाटक आणि चित्रपट या सर्व हक्कांचा उल्लेख, शिल्लक प्रतींची संख्या, त्या विकण्याची शेवटची तारीख आणि मानधनाची बाकी असावी. व्यवसाय एकट्याचा असेल तर मालकाची, भागीदारीचा असेल तर सर्व भागीदारांची, आणि मालक हयात नसेल तर वारसांची सही घ्यावी. कराराची मुदत संपलेली असताना ‘हक्क परत द्यावेत’ अशी विनंती मात्र करू नये, कारण त्यातून हक्क अजून त्यांच्याकडे असल्याची कबुली दिल्यासारखे होते. ‘हक्क माझ्याकडे आहेत, याची नोंद घ्यावी’ असे लिहावे. याच भेटीत अक्षरजुळणीची फाइल मागून घ्यावी. ती जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये असेल तर युनिकोडमध्ये बदलताना जोडाक्षरे बिघडतात, म्हणून पुन्हा मुद्रितशोधन करावेच लागते. मुखपृष्ठावरचे चित्र प्रकाशकाने मोबदला देऊन काढून घेतले असेल, तर वेगळा करार नसल्यास त्याचा हक्क प्रकाशकाकडे असतो, एरवी तो चित्रकाराकडे असतो. ज्याच्याकडे हक्क असेल त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

प्रकाशक उत्तरच देत नसेल आणि मुदत उलटल्याचे कागदावरून स्पष्ट असेल, तर नोटीस पुरेशी ठरते. कराराची तारीख, लागू होणारे कलम आणि पुढे प्रती न छापण्याची सूचना एवढा मजकूर पोचपावतीसह टपालाने पाठवावा. संमतीच्या तुलनेत तिची उणीव अशी, की ती एकतर्फी असते. प्रकाशकाने हरकत घेतली तर नवा प्रकाशक थांबतो. मुदत संपल्यानंतरही जुना प्रकाशक नव्या प्रती छापत असेल, तर कलम ६२ प्रमाणे लेखक राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायालयात दावा दाखल करता येतो, म्हणजे बीडच्या लेखकाला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत.

मुदत शिल्लक असताना प्रकाशक हक्कांचा पुरेसा वापर करत नसेल, तर कलम १९अ आहे. २०२१ च्या बदलानंतर ही तक्रार वाणिज्य न्यायालयाकडे जाते. वापर न होण्यात लेखकाचा दोष नाही, हे तिथे दाखवावे लागते. अटी जाचक आहेत, एवढ्याच कारणावर करार रद्द करून हवा असेल, तर तसा आदेश पहिल्या पाच वर्षांत मिळत नाही. सहा महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो, तरी वकिलाची फी एका कथासंग्रहाच्या मानधनापेक्षा सहज जास्त होते. कथेवर चित्रपटाची बोलणी चालू असतील किंवा ती विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात लागणार असेल, तर हा खर्च करावा. एरवी करू नये.

सर्वांत कठीण प्रकरण म्हणजे ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी’ हक्क लिहून दिलेला करार, कारण ही मुदत लेखकाच्या हयातीनंतरही ६० वर्षे चालते आणि तिथे मुदत संपल्याची नोटीस उपयोगाची नसते. अशा लेखकाने शिल्लक प्रती छपाईच्या खर्चात विकत घेण्याची तयारी दाखवावी आणि पैसे देताना त्याच बैठकीत हक्कपरतीच्या पत्रावर सही घ्यावी. थकलेल्या प्रकाशकाला त्या घडीला रोख रकमेची गरज असते आणि तो बहुधा नाही म्हणत नाही.